पंधरा गप्प क्वेसार

सोमवार, ४ मार्च

आज प्रुफं आली. लेखावर माझं नाव पहिलं, माझ्या गाइड मॅडमचं दुसरं. तीनदा वाचलं. मग खोलीचं दार लावून चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं. अठ्ठावीस तारखेपर्यंत तपासून परत पाठवायची, की लेख छापून मोकळा.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, "आता तरी एकदा नीट सांग. लिफ्टमध्ये लोक विचारतात, मुलगी काय करते. मी म्हणतो, तारे मोजते. तेवढ्यात त्यांचा मजला येतो." बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या मते कुठलीही गोष्ट चार मजल्यांत सांगता आली पाहिजे. मी सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कारण इतकं सोपं मला पुन्हा जमेल असं वाटत नाही.

पहिला मजला: फार लांबच्या काही दीर्घिकांच्या पोटात एक राक्षसी कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू इतका तापतो की त्याच्या उजेडापुढे अख्खी दीर्घिका फिकी पडते. हा क्वेसार. दुसरा मजला: काही क्वेसार त्यातला थोडा माल झोतासारखा बाहेर फेकतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. तिसरा: झोत आपल्या रोखानं असेल तर तो कैक पटींनी उजळ दिसतो, आणि त्यातून येणारे गॅमा किरण अवकाशातल्या दुर्बिणीला सापडतात. चौथा: पण काही क्वेसार रेडिओ दुर्बिणीत ढळढळीत दिसतात, झोतही आपल्याकडेच, आणि गॅमा किरणांत मात्र काही नाही. का? आमच्या लेखाचं उत्तर असं, की त्यांचे झोत हळू आहेत.

"म्हणजे लिफ्ट तीच, मोटर कमजोर," बाबा म्हणाले.

मी दोन वर्षं याच्यासाठी घालवली होती.

मागून आईचा आवाज आला. "नाव छापलंय तो कागद पाठव म्हणावं तिला."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, 'जे दिसेल तेच लिहायचं.' आज ते पान काढून पाहिलं आणि स्वतःचा जरा अभिमान वाटला. वाटू दे एक दिवस.


रविवार, १० मार्च

घरी जाऊन आले. आईला घ्यायला तिच्या लाँड्रीत गेले. मोठी लाँड्री आहे. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांचे कोट, नाटकवाल्यांचे पडदे असं सगळं येतं. यंत्रात कपड्याची चिठ्ठी सुटली की तो कपडा आईच्या टेबलावर येतो आणि ती डाग, उसवण, झिजलेली बाही बघून सांगते, हा कुणाचा. बावीस वर्षं ती त्या टेबलापाशी उभी आहे.

टेबलासमोरच्या भिंतीवर माझ्या लेखाचं पहिलं पान! कोटांना घालतात त्या पारदर्शक पिशवीत घालून, हँगरला लावून, खिळ्याला अडकवलेलं. मी बघतच राहिले.

इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "बघ गं, तुझा लेख कसा ठेवलाय आईनं. एक सुरकुती नाही."

"हसा," आई म्हणाली. "पण हात पुसून हात लावा."

काउंटरवर एक गृहस्थ तणतणत होते. त्यांच्या पांढऱ्या कोटाला आईनं पिवळी चिठ्ठी लावली होती. पिवळी चिठ्ठी म्हणजे माल द्यायचा नाही, परत धुवायचा. तिच्यावर डाग सापडला ती तारीख आणि आईची सही असते, आणि ती लागली की मालकसुद्धा तो कपडा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत नाही.

"मला तर कुठं डाग दिसत नाही!" ते म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही म्हणून तर मला ठेवलंय," आई म्हणाली.

एक गोष्ट कबूल करून टाकते. विभागात कुणी विचारलं तर मी सांगते, आई वस्त्रोद्योगात आहे. मॅडमनाही तेच सांगितलंय. अगदीच खोटं नाही. पण आज त्या टेबलापाशी उभी असताना ते आठवलं आणि कान गरम झाले.


मंगळवार, १२ मार्च

आज विभागात माझं व्याख्यान होतं. चाळीस मिनिटं छान गेली. मग शंकासुरानं हात वर केला.

हा आमच्या विभागातला सगळ्यांत वैताग आणणारा आणि सगळ्यांत हुशार मुलगा. त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. तोही शंकासुर म्हटलं की ओ देतो.

जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. झोतांत तेजस्वी ठिपके असतात. रेडिओ दुर्बिणी एकमेकींना जोडून त्यांचं चित्र काढतात. काही काळानं पुन्हा काढतात. ठिपका किती पुढे सरकला त्यावरून झोताचा वेग. पण या चित्रातला ठिपका म्हणजे पुढच्या चित्रातला कोणता, हे माणसाला ठरवावं लागतं. एक्केचाळीस क्वेसारांचे ठिपके मी जुळवले. त्यांतले सव्वीस गॅमा किरणांत दिसतात, पंधरा दिसत नाहीत. विभागात आम्ही त्यांना बोलके आणि गप्प म्हणतो.

शंकासुर म्हणाला, "चित्रं ज्या फोल्डरांत होती त्यांची नावं काय होती?"

"बोलके आणि गप्प," मी म्हणाले. सगळे हसले. मीही.

"म्हणजे चित्र उघडायच्या आधीच तुला ठाऊक असायचं, हा कुठला."

"हो, पण..."

"बोलक्यांची चित्रं किती दिवसांनी काढलेली?"

"महिन्याला एक."

"आणि गप्पांची?"

"दीडेक वर्षानं एक."

"दीड वर्षात ठिपका निघून गेला आणि त्याच जागी मागून दुसरा आला, तर तुला काय दिसेल?"

उत्तर मला येत होतं. ठिपका जागचा हललाच नाही असं दिसेल. वेगवान झोतसुद्धा हळू दिसेल.

मॅडम पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "दोन तज्ज्ञांनी तपासून लेख स्वीकारलाय. पुढचा प्रश्न." पुढचा प्रश्न कुणाचाच नव्हता. हळू झोताची कल्पना मॅडमची आहे, बारा वर्षांपूर्वीची. माझ्या लेखानं ती सिद्ध होणार होती.




बुधवार, १३ मार्च

सगळी चित्रं पुन्हा उघडली. एकही मला कोऱ्या नजरेनं पाहता येत नाही. गप्प म्हटलं की डोळा आपोआप जवळचा ठिपका पकडतो. बोलका म्हटलं की लांबचा. मला हे ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं मी रोज तेच करत होते आणि मला ठाऊक नव्हतं!

मी खोटं काही केलेलं नाही. तरीही दुपारी जेवण गेलं नाही.


गुरुवार, १४ मार्च

शंकासुराला कँटीनमध्ये गाठलं. त्याच्याकडे उपाय तयार होता. प्रत्येक क्वेसारची सहाच चित्रं घ्यायची. बोलक्यांचीसुद्धा दीड-दीड वर्षाच्या अंतरानं निवडायची, म्हणजे चित्रांच्या संख्येवरून कुणाला काही ओळखता येणार नाही. नावं काढून लिफाफ्यांवर नुसते आकडे घालायचे. कुठला आकडा कुठला क्वेसार, ती यादी बंद पाकिटात त्याच्याकडे. आणि ठिपके जुळवायचे अशा माणसानं, ज्याला क्वेसार आपल्याकडे बघून हसला तरी ओळखू येणार नाही.

"आहे असं कुणी?"

"बाबा," मी म्हणाले. "वर-खाली जाणाऱ्या वस्तूंची त्यांना सवय आहे."

"त्यांना सांगायचं नाही काय पणाला लागलंय ते."

मग त्यानं चहा संपवला. शेवटी म्हणाला, "जूनमध्ये तुझ्या फेलोशिपची मुदत संपते. लेख नसला तर वाढवतील असं वाटत नाही मला."

"मग विचारलास कशाला प्रश्न?"

"सवय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "छापून आल्यावर विचारला असता तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस."

खरं आहे. पण आजही पाहावंसं वाटत नव्हतं.


रविवार, १७ मार्च

आज जे झालं त्यावर अजून विश्वास बसत नाही.

जेवणं झाल्यावर बाबांपुढे पहिला लिफाफा आणि रंगीत पेन्सिली ठेवल्या. सांगितलं, या सहा चित्रांत जो ठिपका तोच वाटेल त्याला एकच रंग द्या, आणि मला काही विचारू नका. बाबांनी चष्मा लावला, सगळ्या ठिपक्यांना लाल रंग दिला आणि म्हणाले, "सगळे वर चाललेत. पुढचा."

आई शेजारी उशांना अभ्रे घालत होती. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"अहो, हा तो नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"डाग आहे ना हा?"

"ठिपका आहे, आई," मी म्हणाले.

"तेच ते. हे बघ. या चित्रात हा मोठा आहे, फिका आहे. पुढच्यात त्याच जागी बारीक आणि गडद. डाग धुतला की फिका होतो, पसरतो. परत बारीक आणि गडद होतो का कधी? हा दुसरा आहे. मागून आलाय. पहिला गेला."

तिनं लाल खोडून निळा केला आणि पुन्हा अभ्र्याकडे वळली.

मी भिंतीला टेकून बसले. झोताबरोबर जाताना ठिपका फुगतो आणि मंदावतो. हे मी अख्खं एक सत्र शिकले, त्यावर परीक्षा दिली, पहिली आले. माझ्या तक्त्यात ठिपक्याचा आकार आणि ठिपक्याचं तेज असे दोन रकाने होते. दोन्ही मी स्वतः भरले होते. जुळवताना एकदासुद्धा त्यांच्याकडे पाहिलं नाही. आणि आईनं ते उशी बगलेत धरून सांगितलं!

बाबांनी पेन्सिली तिच्याकडे सरकवल्या. "घे बाई. आमच्या लिफ्टला डाग पडत नाहीत."

तिनं आणखी दोन लिफाफे केले. तिसरा मी आकारावरून ओळखला. तो गप्पांतला, आमच्या लेखातलं तिसरं चित्र. 'या क्वेसारचा ठिपका नऊ वर्षं जागेवर स्थिर आहे', असं वाक्य मी त्याच्याखाली लिहिलंय. आईनं त्याला चार रंग दिले. चार वेगवेगळे ठिपके.

मी चेहरा अगदी कोरा ठेवला. आईला काही कळलं नसणार.

तिनं एवढंच विचारलं, "ही आधी कुणी लावली होती?"

"विभागात लावतात," मी म्हणाले.

"हं." उठताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. का, कोण जाणे. केस विस्कटले असतील.

शंकासुराला फोन केला. तो आधी ओरडला. "तू समोर होतीस? मग ती तिन्ही बाद! नवीन आकडे घालून परत करायची. आणि उरलेल्याच्या वेळी तू त्या खोलीत थांबायचं नाहीस." मग शांत झाला. "आईंच्या हातून करून घे सगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत होतीस तू."


मंगळवार, १९ मार्च

रजा टाकून घरीच आहे. आई दोन वाजता कामावरून येते, हात धुते, खिडकीपाशी बसते. मी स्वयंपाकघरात, दार ओढून. मधल्या भिंतीतून फक्त पेन्सिलीचा आवाज ऐकू येतो.

आज तिनं आतून हाक मारली. "अगं, एकाचं मला सांगता येत नाही. तोच असेल, नसेल. तसं लिहू का?"

"लिही."

"चालतं तसं लिहिलेलं?"

माझ्या तक्त्यात 'सांगता येत नाही' असा रकानाच नव्हता. प्रत्येक क्वेसारपुढे मी एक वेग लिहिला होता. एक्केचाळीस क्वेसार, एक्केचाळीस वेग.

"चालतं," मी म्हणाले.

बाबा संध्याकाळी म्हणाले, "आता लिफ्टमध्ये मायलेकी दोघींचं सांगायचं म्हणजे दहा मजल्यांची इमारत लागणार."

आई हसली नाही. गेले दोन दिवस ती कमी बोलते आहे. डोळ्यांवर ताण येत असेल.


गुरुवार, २१ मार्च

शंकासुरानं पाकीट फोडलं. आधी आम्ही आईचे सगळे निकाल फळ्यावर लिहिले, मग तो एकेक नाव वाचत गेला आणि मी त्यापुढे खूण करत गेले.

गप्प पंधरा. त्यांतले सहा खरोखर हळू आहेत. ठिपका तोच, जागच्या जागी फिका होत गेलेला. आईनं त्यांना सहाही चित्रांत एकच रंग दिलाय.

उरलेल्या नऊंत ठिपके बदललेत, किंवा सांगता येत नाही. म्हणजे त्यांचा झोत हळू असेल, वेगवान असेल, कसाही असेल.

माझ्या लेखात पंधराच्या पंधरा हळू होते.

फळ्यावर नऊ प्रश्नचिन्हं. मी खडू हातात धरून उभी होते आणि तो मोडला. आवाज मोठा झाला असं मला वाटलं. शंकासुर म्हणाला, "बस जरा." मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

"मग नऊ गॅमामध्ये का दिसत नाहीत?" मी विचारलं. त्याला नाही, फळ्याला.

"कितीतरी कारणं असू शकतील. झोताचा रोख थोडा चुकला असेल. त्यांचा जोर गॅमाच्या अलीकडेच संपत असेल. किंवा अधूनमधून भडकत असतील आणि आपण नेमके तेव्हा पाहत नसू. आपल्याला माहीत नाही, एवढंच खरं."

मला माहीत होतं. दहा दिवसांपूर्वीपर्यंत मला अगदी पक्कं माहीत होतं.


शुक्रवार, २२ मार्च

मॅडमना सांगितलं.

त्या पुढच्या महिन्यातल्या परिषदेतल्या भाषणाची चित्रं लावत होत्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'गप्प क्वेसार: हळू झोत'. मी तक्ता पुढे ठेवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. कुणी दारात येऊन घर जळतंय म्हणून सांगावं, तसा.

"कुणी लावले हे ठिपके?"

"माझ्या आईनं."

"त्या वस्त्रोद्योगात आहेत ना?"

"लाँड्रीत आहे. निवडीच्या टेबलावर. वस्त्रोद्योग हे मी उगाच सांगितलं होतं."

"लाँड्रीत," मॅडम म्हणाल्या. मग आवाज चढला. "दोन वर्षांचं काम, दोन तज्ज्ञांनी तपासलेलं, आणि तू मला लाँड्रीतून आणून तक्ता दाखवतेस? अठ्ठावीसला प्रुफं जायचीत!"

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. म्हणाले, "मॅडम, लिफाफे शंकासुराकडे आहेत. तुम्ही स्वतः लावून बघा."

बाहेर कुणीतरी पंचिंग मशीननं कागदांना भोकं पाडत होतं. खट्. खट्.

"बाहेर जा," त्या म्हणाल्या.

गेले.


सोमवार, २५ मार्च

सकाळी नऊ वाजता मॅडमनी दोघांना बोलावलं. टेबल रिकामं होतं. वर फक्त पेन्सिली.

"दे," त्या शंकासुराला म्हणाल्या.

दहा लिफाफे त्यानं न बघता उचलून दिले. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, नियमाप्रमाणे. मॅडम भरभर लावत होत्या. हे काम त्या माझ्या जन्माआधीपासून करत आल्यात. चौथ्या लिफाफ्याला त्या नकळत बोलून गेल्या, "हा तर सरळच गप्प. बघ कसा ठाण मांडून बसलाय."

दहा झाले. शंकासुरानं यादी उघडली. चौथ्याचं नाव वाचलं.

तो बोलक्यांतला सगळ्यांत बोलका होता. आमच्या यादीतला सर्वांत वेगवान झोत, ज्याच्या गॅमा भडक्यावर मॅडमनी स्वतः तीन लेख लिहिलेत. महिन्याला एक चित्र होतं म्हणून तो वेगवान ठरला. तीच चित्रं दीड-दीड वर्षानं पाहिली, तर तोही ठाण मांडून बसलेला!

मी वळून पाहिलं, नियम मोडून. मॅडमचा हात चित्रावर होता. तो उचलायचा राहून गेला होता.

मग त्या म्हणाल्या, "दुर्बिणीचा वेळ मागायचे अर्ज दर वर्षी मीच लिहिते. दर वर्षी लिहिते, गप्पांत विशेष काही घडत नाही, दीड वर्षातून एकदा पाहिलं तरी पुरे." त्यांनी शंकासुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू आमच्यापैकी कुणीतरी ते खोटं आहे म्हणेल. "घडत नाही हे मला कसं कळलं?"




गुरुवार, २८ मार्च

प्रुफांऐवजी पत्र पाठवलं. लेख मागे घेत आहोत, कारण आमच्या मोजणीत चूक आहे आणि ती आमचीच आहे. 'आमचीच' हा शब्द मॅडमनी घातला. मी 'माझी' लिहिलं होतं.

परिषदेतलं भाषण त्या देणार आहेत. चौथ्या लिफाफ्यापासून सुरुवात करणार म्हणतात.

नऊ गप्पांसाठी महिन्याला एक चित्र असा अर्ज लिहिला. मंजूर झाला तरी वर्ष जाईल. माझ्या मुदतीचं पत्रही मॅडमनी लिहिलं. मला वाचायला दिलं. पहिलंच वाक्य होतं, 'या मुलीने माझा लेख पाडला, म्हणून तिला ठेवून घ्यावे.' समिती ऐकेल की नाही, ठाऊक नाही. लेख नसलेल्या मुलीची मुदत आजवर वाढवलेली नाही, असं कार्यालयातल्या बाईंनी मला हळूच सांगितलंय. जूनचं जूनमध्ये.

नवा लेख झालाच तर ठिपके जुळवणारी म्हणून आईचं नाव येईल. नावाखाली संस्था काय लिहायची, असं मी विचारलं. शंकासुर म्हणाला, "लाँड्रीचा पत्ता. त्यात काय?"

पण ते सगळं पुढचं. आधी आईला सांगायचंय की भिंतीवरचं ते पान काढ. ते छापलं जाणार नाही. आणि ते तिच्या हातानं पडलं, तिला न सांगता. शब्द सुचत नाहीत. रविवारी बसमध्ये पाठ करेन.


रविवार, ३१ मार्च

बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. 'आई, शास्त्रात असं होतं.' लाँड्रीच्या दारात ते विसरले.

आई टेबलापाशी होती. मागे भिंतीवर माझं पान जागच्या जागी, पिशवीत, हँगरला. आणि हँगरच्या गळ्यात पिवळी चिठ्ठी.

आधी वाटलं, बाबांनी सांगितलं असेल. पण बाबांना मी कुठे काही सांगितलंय? जवळ गेले. आईची उभी, ठसठशीत अक्षरं. 'परत.' खाली सही. खाली तारीख, १७ मार्च.

सतरा. पाकीट फोडायच्या चार दिवस आधीची तारीख. मी पुन्हा वाचली. मग आईकडे पाहिलं. ती एका कोटाची बाही उलटी करत होती.

"आई, ही सतरा तारीख कशी?"

"तिसऱ्या लिफाफ्याला तुझं तोंड बघितलं मी. निघाला म्हणून पाठवलेला डाग परत आला की आमच्या मालकाचं होतं, अगदी तस्सं."

"मी चेहरा कोरा ठेवला होता!"

"हो तर. भिंतीसारखा. पोटच्या पोरीचा."

"म्हणजे तुला ठाऊक होतं हे माझंच काम आहे. आणि तरी तू उरलेले अडतीस लिफाफे..."

"एक्केचाळीस. पहिले तीन परत करायला लावलेस."

"आई, अगं, पण तुला ठाऊक असेल तर तो सगळा निकालच..."

"मला काय ठाऊक होतं? कुठलं चित्र कुठल्या ढिगातलं, ते कुठे कळत होतं? तुझं आहे एवढंच कळलं." तिनं बाही सरळ केली. "मग काय, तुझं नाव आहे म्हणून डाग सोडू?"

इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "मी सांगितलं हिला, पान काढून ठेव, येणारा जाणारा विचारतो पिवळी का लागली. ऐकेल तर शपथ."

"काढून का ठेवू? कपडा टाकून दिलाय का कुणी? परत धुवायचाय." मग मला, अगदी हळू, "किती दिवस लागतील?"

"वर्ष. मला ठेवून घेतलं तर."

तिनं मान हलवली. दोन आठवडे मी तिला सांभाळत होते असं मला वाटत होतं. वहीची मागची पानं आत्ता लिहिताना काढून वाचली. 'केस विस्कटले असतील', 'डोळ्यांवर ताण येत असेल' असं माझ्याच अक्षरात लिहिलंय.

यंत्राकडून एक ट्रॉली आली. आईनं वरचा कोट उचलून माझ्यापुढे पसरला. पांढरा, चिठ्ठी नसलेला.

"सांग कुणाचा."

मी कॉलर पाहिली, खिसा पाहिला.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"बघ आधी," आई म्हणाली, आणि दिवा माझ्या बाजूला ओढला.